जुन्या रायफलीस नवी नळी : काडतूस कोणतें निवडावें ?

गेल्या कांहीं वर्षांत आमच्या शेतकरी बंधूंकडून एक प्रश्न वारंवार विचारला जातो. घरांत वडिलोपार्जित रायफल आहे; वारसानें परवाना आपल्या नांवें करून घेतला आहे; परंतु नळी झिजल्यामुळें गोळी नेमकी जात नाहीं. अथवा नळी बरी आहे, पण तिच्या जातीचें काडतूसच बाजारांतून नाहींसें झालें आहे. अशा स्थितींत नवी नळी बसवून घ्यावी काय, व बसवावयाचीच असेल तर ती कोणत्या काडतुसाची असावी ? प्रस्तुत लेखक महसूल खात्यांत कारकून होता व त्याच्या नोकरीचीं कांहीं वर्षें हत्यारांच्या परवान्यांचे कागद हाताळण्यांत गेलीं. नामांकित शिकारी म्हणून नव्हे, तर कागद पाहिलेला व स्वतः थोडी जमीन कसणारा मनुष्य म्हणून या विषयावर आमचें मत वाचकांपुढें ठेवितों.

हा प्रश्न कोणास चैनीचा वाटेल, पण तो तसा नाहीं. काळाचौकी, लालबाग, परळ या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कुटुंबांपैकीं कितीतरी कुटुंबें मूळचीं कोंकणांतलीं. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, तरी या लोकांचें गांवचें खाचर सुटलें नाहीं. मनुष्य लावणीस जातो, परत येतो, आणि भात लोंबीवर येतें न येतें तोंच गांवाहून निरोप येतो कीं रानडुकरें शेतांत शिरलीं. रानडुक्कर जितकें खातें त्याहून अधिक तुडवितें व उकरतें. पंधरा-वीस गुंठ्यांचें खाचर एका रात्रींत आडवें झालेलें ज्यानें पाहिलें आहे, त्यास राखणीची किंमत सांगावयास नको. नाचणी, भुईमूग, केळीचे कंद, यांची तीच गत. विदर्भांत व खानदेशांत तूर, हरभरा व मका यांवर रानडुकराच्या जोडीस रोही असतो. माळ्यावर बसून डबा वाजविणें व फटाके लावणें हे उपाय कांहीं दिवस चालतात. पुढें जनावर त्यांस सरावतें. म्हणून ज्याच्या घरीं रायफल आहे त्याचें लक्ष साहजिकच तिच्याकडे जातें.

प्रथम हें पाहावें कीं नळी खरोखरच गेली आहे काय. जुन्या काडतुसांच्या टोपींत पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडाल्यावर त्याचा क्षार नळींत राहतो, हवेंतली ओल ओढून घेतो व आंतून गंज चढवितो. हा क्षार नुसत्या तेलानें निघत नाहीं; गरम पाण्यानें नळी धुवून, कोरडी करून, मग तेल द्यावें लागतें. आमच्या समुद्रकांठच्या दमट व खाऱ्या हवेंत जिची अशी निगा झाली नाहीं ती नळी लवकर जाते. परंतु कित्येक वेळां आंत केवळ तांब्याचा व दारूचा थर बसलेला असतो, आणि तो साफ होतांच रायफल पुन्हां नीट चालूं लागते. कारागिरानें परीक्षा घेतांना कागदावर गोळीचें भोंक वाटोळें न पडतां लांबट पडलें, म्हणजे गोळी आडवी होऊन जात असली, तर मात्र नळींतील आंटे झिजले असें समजावें. आंटे हे गोळीस भोंवऱ्याप्रमाणें फिरवितात. ती फिरत राहिली तरच नाकासमोर जाते.

नळी गेल्याचें ठरलें म्हणजे निवडीचा प्रश्न येतो. तेथें बहुतेकांची चूक अशी होते कीं ते काडतुसाचा जोर पाहून, किंवा एखाद्या प्रसिद्ध शिकाऱ्याच्या हातीं कोणती रायफल होती हें ऐकून, निवड करूं लागतात. आमच्या मतें जोर व कीर्ति या दोन्ही गोष्टी शेवटीं पाहावयाच्या. आधीं चार प्रश्न विचारावे, आणि ते याच क्रमानें विचारावे. कायदा हें काडतूस चालूं देतो काय ? तें आपल्या जिल्ह्यांत पुढील वीस वर्षें विकत मिळेल काय ? आपल्या रायफलीचा सांगाडा तें स्वीकारील व पेलील काय ? आणि आपल्या शेतावरच्या कामास तें योग्य आहे काय ? पहिल्या प्रश्नाचें उत्तर नकारार्थी आलें तर पुढील तीन विचारण्याचें कारणच उरत नाहीं.

कायद्याविषयीं प्रथम. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणें हत्याराचे सुटे भागहि हत्यारांतच मोडतात. अर्थात् नळी ही लोखंडाची साधी नळी नव्हे. ती कायद्याच्या दृष्टीनें बंदूकच होय. हत्यार बनविणें, दुरुस्त करणें, त्याचें रूपांतर करणें किंवा त्याची परीक्षा घेणें हा धंदा, त्यासाठीं निराळा परवाना असलेल्या कारागिरासच करितां येतो. गांवच्या लोहाराकडून नळी बसविणें, किंवा नळीचें तोंड फुटलें म्हणून दोन बोटें कापून घेणें, हा गंभीर अपराध आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा अपराधांस कमींत कमी ७ वर्षें कैद असून ती जन्मठेपेपर्यंत जाऊं शकते. "आमच्या गांवांत सगळे असेंच करतात" हें उत्तर न्यायाधीशापुढें चालणार नाहीं.

याहून महत्त्वाची गोष्ट मनाई असलेल्या बोअरांची. २०१६ च्या शस्त्र नियमांच्या पहिल्या अनुसूचींत .३०३ व ७.६२ मिलिमीटर या बोअरांच्या बोल्ट रायफली, तसेंच ज्यांत हीं लष्करी काडतुसें बसून उडूं शकतील अशा इतर कोणत्याहि बोअरच्या रायफली, मनाईच्या वर्गांत घातल्या आहेत. त्यांसाठीं केंद्र सरकारची खास परवानगी लागते, व ती सामान्य शेतकऱ्यास मिळण्यासारखी नाहीं. ही विचारसरणी नवी नव्हे. सरकारी फौजेचीं काडतुसें खासगी बंदुकींत चालूं नयेत हें धोरण इंग्रजांच्या अमदानीपासूनचें आहे. १९०७ च्या सुमारास .४५० बोअरलाहि याच कारणास्तव हिंदुस्थानांत बंदी झाली व विलायतेंतील बंदूकवाल्यांना या देशासाठीं .४७० सारखीं निराळ्या मापांचीं काडतुसें काढावीं लागलीं. आपल्याकडे सर्वांस ठाऊक असलेली .३१५ ही त्याच धोरणामुळें येथें रुजली. तिचें काडतूस मूळ ऑस्ट्रिया-हंगेरीच्या मानलिखर रायफलीचें, १८९० च्या सुमाराचें. इंग्रजी फौज तें वापरीत नसल्यामुळें तें येथील खासगी लोकांस देण्यास हरकत नव्हती. तोच वारसा स्वातंत्र्यानंतर सरकारी कारखान्यांनीं पुढें चालविला.

येथें एक उदाहरण सांगणें उपयुक्त होईल. कोंकणांतील एका खातेदाराच्या आजोबांची .३१८ वेस्टली रिचर्ड्‌स जातीची रायफल होती. हें काडतूस १९१० मध्यें निघालें व एके काळीं हिंदुस्थानांत चांगलें खपलें. आज तें मिळविण्यासाठीं वणवण करावी लागते. या गृहस्थापाशीं सात काडतुसें उरलीं होतीं. कोणा मित्रानें सल्ला दिला कीं नवी नळी .३०८ विंचेस्टरची घ्यावी. तें जगभर खपतें, आखूड आहे, बोल्टवर नीट बसतें. यंत्राच्या दृष्टीनें सल्ला खोटा नव्हता. परंतु १९५२ मध्यें निघालेलें .३०८ व पुढें अनेक देशांच्या फौजांनीं घेतलेलें ७.६२ मिलिमीटरचें लष्करी काडतूस हीं बाह्य मापांनीं जवळजवळ एकच आहेत. एकाच्या नळींत दुसरें बसतें व उडतें. तेव्हां अर्ज मनाईच्या वर्गांत गेला व शेरा मारून परत आला. मधल्या काळांत रायफल विक्रेत्याकडे ठेव म्हणून पडून राहिली आणि दोन हंगाम राखणीवांचून गेले. पुढें त्यानें .३०-०६ साठीं नव्यानें अर्ज केला, तेव्हां काम झालें. चार ओळींचा नियम आधीं वाचला असता तर त्या दोन हंगामांचें भात वांचण्याचा संभव होता.

दुसरा प्रश्न बाजाराचा. रायफल तीन पिढ्या टिकते. काडतूस मात्र दरसाल विकत घ्यावें लागतें. ज्या रायफलीस काडतूस नाहीं ती काठीहून निराळी नाहीं. काठीस निदान परवान्याचें नूतनीकरण तरी लागत नाहीं. या दृष्टीनें पाहतां आपल्या देशांत रायफलीच्या काडतुसांपैकीं ज्यांवर शेतकऱ्यानें भिस्त ठेवावी अशीं दोनच दिसतात : .३१५ आणि .३०-०६. दोहोंच्या रायफली सरकारी कारखान्यांत झालेल्या आहेत. .३१५ च्या काडतुसावर ‘८ एम्. एम्.’ व ‘के. एफ.’ असा छाप दिसतो; ‘के. एफ.’ म्हणजे खडकीचा कारखाना, तो आपल्या पुण्यापाशींच आहे. २०२१ सालीं आयुध निर्माणी मंडळ मोडून त्याच्या सात सरकारी कंपन्या झाल्या व दारूगोळ्याचे कारखाने त्यांतील एका कंपनीकडे गेले. पाटी बदलली तरी कारखाने येथेंच आहेत. .२७५ रिग्बी, .३१८, ९.३ मिलिमीटर, .३७५ मॅग्नम हीं काडतुसें उत्तम खरीं, पण तीं परदेशांतून येणार. आलीं तर थोडीं येणार व महाग पडणार. ज्यास दर हंगामास पांच-दहा बार लागतात त्यानें आपली राखण परदेशच्या जहाजावर अवलंबून ठेवूं नये.

तिसरा प्रश्न सांगाड्याचा. हा कारागिराचा असला तरी मालकास समजलाच पाहिजे. बोल्टच्या तोंडास काडतुसाच्या बुडाचा विशिष्ट व्यास बसतो. माउझरच्या १८९८ च्या बांधणीच्या सर्वसाधारण रायफलींत ७ बाय ५७, ८ बाय ५७, .३०-०६ व ९.३ बाय ६२ या सर्व काडतुसांचें बूड बसतें, कारण त्या सर्वांचा व्यास सुमारें १२ मिलिमीटर आहे. .३७५ मॅग्नमचें बूड साडेतेरा मिलिमीटरचें व काडतूस नव्वद मिलिमीटरांहून लांब. त्यासाठीं बोल्टचें तोंड व मॅगझिन दोन्ही कोरावीं लागतात, आणि इतकें कोरून सांगाडा दुबळा करणें शहाणपणाचें नाहीं. .३०-०६ ची लांबी सुमारें ८५ मिलिमीटर व ८ बाय ५७ ची सुमारें ८२. म्हणून माउझरच्या कांहीं मॅगझिनांत.३०-०६ साठीं किंचित् काम करावें लागतें, तें कारागिराकडून आधींच मोजून घ्यावें. .३१८ चें काडतूस मुळांतच .३०-०६ इतकें लांब व जवळजवळ त्याच बुडाचें असल्यामुळें त्या रायफलीस हा बदल विशेष सोईचा पडतो.

.३१५ ची गोष्ट निराळी आहे. तिच्या काडतुसाच्या बुडास बाहेर आलेली कड असते व तें त्या कडेच्या आधारानें नळींत थांबतें. आपल्या सरकारी .३१५ रायफली ली-एन्फील्डच्या धर्तीवर बांधलेल्या आहेत. त्यांत बोल्टच्या कुलपाचे दांडे मागील बाजूस असतात. माउझरमध्यें ते पुढें, काडतुसाच्या लगत असतात व म्हणून ती बांधणी अधिक दाब सहन करिते. .३१५ चा दाब बेताचा असल्यामुळें लीच्या बांधणीस तें काडतूस शोभतें. त्याच सांगाड्यावर .३०-०६ सारखें जास्त दाबाचें काडतूस चढविण्याच्या भरीस कोणी पडूं नये. काडतुसाचें पितळ फाटून गरम वायु मागें आला तर डोळ्यांवर बेततें. तसेंच लीच्या बांधणीची .३१५ व फौजेची जुनी .३०३ या दिसावयास बहिणी-बहिणी असल्यामुळें "जुनी .३०३ ची नळी स्वस्तांत बसवूं" असें म्हणणारा भेटण्याचा संभव आहे. त्यास हात जोडावे. ती नळी मनाईच्या वर्गांतली आहे.

नळी कोणतीहि घेतली तरी बोल्ट बंद केल्यावर काडतुसाच्या बुडामागें किती अंतर राहतें हें कारागिरानें मापाच्या ठोकळ्यानें तपासलें पाहिजे. अंतर जास्त झालें तर पितळ फुटतें, कमी झालें तर बोल्ट बंद होत नाहीं. तो तपास झाल्यावांचून व नळीची दाबाची परीक्षा उतरल्यावांचून रायफल घरीं आणूं नये. आंट्यांचा पीळहि विचारून घ्यावा. जड व लांब गोळीस पीळ जवळ-जवळ लागतो; .३०-०६ मध्यें तो सामान्यतः दहा इंचांस एक वेढा असा असतो, व त्यांत १८० व २२० ग्रेनच्या गोळ्या नीट जातात.

आतां चौथा प्रश्न, कामाचा. .३१५ ची गोळी सुमारें २४४ ग्रेनची व तिचा वेग सेकंदास सुमारें २००० फूट. .३०-०६ ची १८० ग्रेनची गोळी सुमारें २७०० फूट वेगानें जाते व नळीच्या तोंडापाशीं तिचा जोर .३१५ च्या सव्वापटीहून अधिक भरतो. दोनशें-तीनशें यार्डांवर हा फरक निश्चित जाणवतो, कारण वेगवान् गोळी कमी खालीं येते. परंतु शेताच्या बांधावर, माळ्यावरून, रानडुक्कर दिसतें तें पन्नास-साठ पावलांवर. तेथें दोन्ही गोळ्या सारखेंच काम करितात. काम बिघडतें तें जोर कमी पडल्यामुळें नव्हे, तर नेम चुकल्यामुळें. आणि जास्त धक्का देणाऱ्या रायफलीनें नेम अधिक चुकतो. म्हणून वीस मण जोराच्या गोष्टी सांगणाऱ्यांकडे कानाडोळा करावा. जखमी रानडुक्कर झुडपांत शिरलें तर सकाळीं त्या वाटेनें जाणाऱ्या गड्यावर तें उलटतें, हें मात्र विसरूं नये.

आणखी एक गोष्ट या चौथ्या प्रश्नांतच येते, व ती आम्हांस सर्वांत मोठी वाटते. रायफलीची गोळी उंच कोनांत सुटली तर तीन-चार किलोमीटरपर्यंत जाऊं शकते. कोंकणांत एका वाडीहून दुसरी वाडी हांकेच्या अंतरावर असते. मधें पायवाट, गोठा, कोणाचें तरी कुळागर. रात्रीं गोळीच्या मागें काय आहे हें दिसत नाहीं. माळ्यावरून खालीं, मातीच्या दिशेनें गोळी सोडली तर ती जमिनींत जाते. सपाटीवर उभें राहून सोडली तर ती कोठें थांबेल हें कोणीहि सांगूं शकत नाहीं. बारा बोअरच्या बंदुकीचे मोठे छरे कांहीं शेंकडा पावलांत गळून पडतात. कायद्यानेंहि हा विचार केलेला दिसतो. शेतीच्या संरक्षणासाठीं त्यानें आधीं ठासणीची बंदूक सांगितली आहे, व ती पुरेशी नाहीं असें परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यास पटलें तर २० इंचांहून कमी नसलेल्या नळीची, आंटे नसलेली दुसरी बंदूक. शेतराखणीचें हत्यार म्हणून रायफल ही अपवाद आहे, नियम नव्हे.

या चार प्रश्नांवरून आमचा निर्णय असा आहे. ज्याची रायफल .३१५ ची आहे त्यानें नळी बदलतांना .३१५ च ठेवावी. काडतूस बदलण्याचा मोह धरूं नये. परवान्यांत बदल करावा लागत नाहीं, काडतूस देशांत होतें, सांगाडा त्याच मापाचा आहे. ज्याची रायफल माउझर बांधणीची, सांगाडा निर्दोष, पण जात मिळेनाशी झालेली, त्यानें .३०-०६ घ्यावी. ज्याची नळी अजून बरी आहे व घरीं जुन्या जातीचीं थोडीं काडतुसें आहेत, त्यानें घाई करूं नये. मात्र फार जुनीं काडतुसें दगा देतात हें ध्यानांत ठेवावें. आणि ज्याचें शेत वाडीला लागून आहे व काम केवळ रानडुकराचें आहे, त्यानें नळीवर पैसा घालण्याऐवजीं बारा बोअरच्या बंदुकीसाठीं अर्ज करावा. २०१९ पासून एका परवानाधारकास दोनच हत्यारें ठेवतां येतात. तेव्हां निरुपयोगी रायफल एक जागा अडवून बसली आहे काय, हाहि हिशेब करावा.

यावर कोणी म्हणेल कीं, .३१५ ही जुनाट. तिची गोळी मंद व खालीं पडणारी. जग कोठल्या कोठें गेलें. हें खरें आहे. ज्यास उघड्या माळावर लांबचा नेम धरावयाचा आहे त्यानें .३०-०६ घ्यावी, आमची हरकत नाहीं. पण शंभर पावलांच्या आंत ज्याचें काम संपतें त्यानें जगाच्या मागें कां धांवावें ? नांगराचा फाळ आपल्या जमिनीस पाहून घेतों, शेजारच्या तालुक्यांतील काळ्या जमिनीस पाहून नव्हे.

दुसरे कोणी म्हणतील कीं, मुळांत रायफलच कशाला ? कुंपण घाला. कुंपण हा पहिला उपाय आहे हें आम्हांस मान्य आहे. सौर कुंपण जेथें नीट राखलें जातें तेथें रायफलीचें काम पुष्कळच कमी होतें. परंतु भाऊबंदकींत सतरा तुकडे झालेल्या खाचरांस कुंपण घालावयाचें तर सतरा सह्या लागतात, व त्यांतील सहा मुंबईस असतात. तोंवर पीक उभें राहतें तें राखणीवरच.

रायफल नीट झाली म्हणजे जनावर मारण्याची मुभा मिळाली असें मात्र कोणी समजूं नये. हत्याराचा परवाना निराळा व जनावर मारण्याची परवानगी निराळी. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या ११ व्या कलमाप्रमाणें उभ्या पिकास धोका करणाऱ्या जनावराबद्दल मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यानें अधिकार दिलेला अधिकारी यांचा लेखी हुकूम लागतो. १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आलेल्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर व रोही हे दुसऱ्या अनुसूचींत आहेत, व त्यांच्याबाबत असा हुकूम मिळूं शकतो. गवा व हत्ती पहिल्या अनुसूचींत आहेत. त्यांनीं पीक खाल्लें म्हणून त्यांवर बार टाकतां येत नाहीं, नुकसानभरपाईचा अर्जच करावा लागतो. २००२ पासून सिंधुदुर्गांत हत्ती येऊं लागले, तेथील बागाईतदारांस हा भेद चांगला ठाऊक आहे. हुकुमाप्रमाणें मारलेलें जनावरहि सरकारचें असतें. त्याचें मांस घरीं नेणें हा गुन्हा होतो. बार टाकल्यावर ताबडतोब वनरक्षकास कळवावें व पंचनामा होईपर्यंत जनावर हलवूं नये.

आतां कागदांविषयीं, कारण आमचा अनुभव तेथलाच. नळीस हात लावण्यापूर्वीं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडे अर्ज द्यावा. जिल्ह्यांत तो जिल्हादंडाधिकारी व मुंबई शहरांत पोलीस आयुक्त. काळाचौकीस राहून गांवीं शेती करणाऱ्यानें आपला परवाना कोणत्या कचेरीचा आहे व तो कोणत्या क्षेत्रापुरता चालतो हें आधीं वाचावें. अर्जांत जुनें बोअर, नवें बोअर, सांगाड्याचा क्रमांक, कारागिराचें नांव व त्याच्या परवान्याचा क्रमांक आणि बदलाचें कारण, इतकें स्पष्ट लिहावें. नवें काडतूस .३०-०६ असेल तर पूर्ण नांव लिहावें, नुसतें ‘.३०’ लिहूं नये. .३० इंच म्हणजेच ७.६२ मिलिमीटर, व घाईंत असलेला कारकून त्याचा अर्थ मनाईचें बोअर असा करील, तर दोष त्याचा नव्हे. काम झाल्यावर परवान्यांतील बोअर बदलून घेतल्याखेरीज विक्रेता नवें काडतूस देणार नाहीं. जुनी नळीहि भंगारांत विकूं नये. तिचें काय केलें याची लेखी नोंद कारागिराकडून घ्यावी.

वडिलांच्या मृत्यूनंतर रायफल घरांत तशीच पडून असेल तर तो विषय याहून तांतडीचा आहे. परवाना हा मनुष्याचा असतो, घराण्याचा नव्हे. हत्यार प्रथम पोलीस ठाण्यांत किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ठेव म्हणून द्यावें, पावती घ्यावी, व मग वारसानें अर्ज करावा. नळीचा विचार त्यानंतर.

शेवटीं एक सूचना संस्थेच्या चालकांस. एकट्या शेतकऱ्याचा अर्ज कचेरींत महिनोन्‌महिने पडतो, कारण तो काय मागतो हें त्यालाच नीट सांगतां येत नाहीं. आपल्यासारख्या संस्थांनीं तीन गोष्टी सरकारकडे मागाव्या. हत्यारें दुरुस्त करण्याचा परवाना असलेल्या कारागिरांची यादी प्रत्येक जिल्ह्याच्या कचेरींत लावावी. बोअर बदलण्याच्या अर्जाचा निकाल पेरणी व कापणी यांच्या मधल्या काळांत लागेल अशी मुदत ठरवावी. आणि .३१५ व बारा बोअरचीं काडतुसें जिल्ह्यांतल्या जिल्ह्यांत मिळतील अशी व्यवस्था व्हावी, म्हणजे पांच काडतुसांसाठीं दोन दिवसांची मजुरी बुडणार नाहीं. यांत जास्त हत्यारांची मागणी नाहीं. जीं परवान्यावर आहेत तीं सुरक्षित व उपयोगी राहावीं, एवढीच आहे.

ज्या बंधूंस नळी बदलावयाची आहे त्यांनीं येत्या पावसाळ्याची वाट न पाहतां आजच परवाना काढून वाचावा, नळी कारागिरास दाखवावी व अर्ज लिहावा. भात लोंबीवर आल्यावर लिहिलेला अर्ज पुढच्या वर्षाच्या भातास उपयोगीं पडतो.